सात गोळ्या आहेत, आठवी कुठे?

पत्र असं आहे, थोडं आखडून छापते:

“डॉक्टर, नमस्कार. आम्ही कऱ्हाडचे. माझं वय ५९, यांचं ६६. मुलगा न्यू जर्सीत आहे, दर दिवाळीला व्हिटॅमिनच्या बाटल्या पाठवतो. यांची डी व्हिटॅमिनची तपासणी दोन वर्षांपूर्वी केली तेव्हा ११ आली होती. तेव्हापासून दर रविवारी ६० हजारची कॅप्सूल चालू आहे. शिवाय कॅल्शियम दोन वेळा, मुलाची पुरुषांसाठीची मल्टिव्हिटॅमिन, त्याचीच डी-३ आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून डोळ्यांची एक बाटली. कोविडपासून सी आणि झिंकची गोळी आम्ही दोघंही घेतो. यांना हल्ली बद्धकोष्ठ आहे, सारखी तहान लागते, रात्री चार वेळा उठतात, तोंडाला चव नाही. हे म्हणतात, वयाचं आहे. सिगारेट पाच वर्षांपूर्वी सोडली.

मला शुगर दहा वर्षं, थायरॉइड बारा वर्षं. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेते, म्हणजे विसरायला नको. थायरॉइडची गोळी दोनदा वाढवली तरी रिपोर्ट नीट येत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज असते. तळपायांना मुंग्या येतात, विसरायला होतं. डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स आणि बी-१२ दिलं होतं, पण लघवी पिवळीजर्द व्हायला लागली. उष्ण पडतंय म्हणून बंद केलं. वीस वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून अंडं-मटण बंद.

मुलगी २८ वर्षांची, आता बाळाचा विचार करतेय. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गमी खाते. परवा तिच्या रक्तात थायरॉइड ‘जास्त’ निघाला, पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरतंय. एवढी व्हिटॅमिनं चांगली की वाईट, ते सांगा. मागच्या पानावर सगळ्या लेबलांवरचं उतरवून दिलंय.”

ताई, मागचं पान पाहून मी खूश झाले. पस्तीस वर्षं दवाखाना चालवला, पण “कुठल्या गोळ्या घेता” या प्रश्नाला “एक पांढरी, एक पिवळी” यापलीकडे उत्तर देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तुम्ही मिलिग्रॅमसकट उतरवून दिलंत म्हणून मला नेमकं काही सांगता येतंय.

पण वाचणं जरा इथेच थांबवा. आधी उठा आणि यजमानांच्या डब्यातून तीन गोष्टी बाजूला काढा: रविवारची कॅप्सूल, अमेरिकेची डी-३ आणि कॅल्शियम. आजपासून बंद. मग परत येऊन बसा.

आता हिशोब करू. ६० हजार युनिट आठवड्याला म्हणजे रोजची साधारण साडेआठ हजार. मुलाच्या डी-३ च्या बाटलीवर पाच हजार लिहिलंय, ती रोज. कॅल्शियमच्या प्रत्येक गोळीत अडीचशे युनिट डी मिसळलेलं आहे, दोन गोळ्यांचं पाचशे. मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणखी एक हजार. बेरीज पंधरा हजारांवर जाते. धडधाकट माणसाला रोज सहाशे युनिट पुरतात, सत्तरीनंतर आठशे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज चार हजारांच्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. यजमान दोन वर्षं त्याच्या जवळजवळ चौपट घेताहेत, आणि ते तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही, कारण चार वेगवेगळ्या डब्यांवरच्या आकड्यांची बेरीज कुणी केलीच नव्हती. मुलाने एक दिलं, डॉक्टरांनी एक, मेडिकलवाल्याने जुनी चिठ्ठी बघून तिसरं. सगळ्यांनी चांगल्याच मनाने दिलं.

व्हिटॅमिन सी किंवा बी जास्त झालं तर बहुतेक वेळा लघवीवाटे निघून जातं. डी तसं जात नाही. ते चरबीत मुरतं, साठून राहतं. फार वाढलं की आतड्यातून आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. रक्तात कॅल्शियम वाढलं की आतडी मंदावतात, तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, भूक मरते. पुढे मूत्रपिंडांवर ताण येतो, माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागतो. आता तुमच्या पत्रातली यजमानांची चार लक्षणं पुन्हा वाचा. ती प्रोस्टेटची असू शकतात, शुगरची असू शकतात, नुसती वयाचीही असू शकतात. पण आधी कॅल्शियम बघायचं. याच आठवड्यात रक्त द्या: सीरम कॅल्शियम, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी (२५-हायड्रॉक्सी म्हणून सांगा) आणि हातासरशी शुगर. कॅल्शियम साधारण साडेआठ ते साडेदहा असतं. त्याच्या वर निघालं तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. बाराच्या वर निघालं, किंवा रिपोर्ट यायच्या आधीच उलट्या सुरू झाल्या, बोलणं बरळल्यासारखं वाटलं, तर तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात. जाताना डबे पिशवीत घालून न्या. डीचा आकडा शंभराच्या पुढे असेल तर गोळ्या बंद करूनही तो उतरायला महिने लागतात, तेवढा धीर ठेवावा लागेल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या हातून एकदा झालंय. एका आजीबाईंना मी आठवड्याला एक अशी डीची पुडी लिहून दिली होती. चिठ्ठीवर लिहिलं, तोंडी सांगितलं नाही. अक्षर डॉक्टरचं. घरी गेल्यावर ती पुडी रोज दुधात पडू लागली. सहाव्या आठवड्यात आजी उलट्यांनी बेजार होऊन आल्या, मुलाला ओळखेनात. चार दिवस सलाईनवर ठेवून त्या बऱ्या झाल्या, पण तेव्हापासून मी डीची पुडी लिहिली की वार विचारायचे. “कुठला वार चालेल? गुरुवार? मग दर गुरुवारी, दत्ताच्या देवळातून आल्यावर, आठ गुरुवार. नववा गुरुवार नाही.” यजमानांचं तेच राहून गेलं. ११ आकडा होता तेव्हा ६० हजारची कॅप्सूल योग्यच होती. इतकी कमतरता असेल तर आठ-दहा आठवडे तसाच डोस देतात, मग फेरतपासणी करतात आणि पुढे एक तर महिन्याला एक किंवा रोजचा छोटा डोस. तुमच्याकडे नववा रविवार आला, दहावा आला, आणि शंभरावाही येऊन गेला.

डी फुकट आहे असं म्हणून मला मोकळं होता येणार नाही. ज्याला खरंच कमी आहे त्याची हाडं ठणकतात, मांड्यांतली ताकद जाते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. अशी बाई दोन महिन्यांच्या डोसनंतर पाटावरून सरळ उठताना मी पाहिली आहे. पण कमतरता भरून निघाल्यावर आणखी घेतलं तर आणखी ताकद येते, हे काही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत सुमारे २६ हजार माणसांना पाच वर्षं रोज दोन हजार युनिट किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिलं. कॅन्सर, हृदयविकार, हाड मोडणं, कशातच म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस दिला, म्हणजे रोजची कटकट नको. २०१० साली निकाल आला: ज्यांनी डोस घेतला त्या जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली. हाडांसाठीचं औषध, आणि हाडंच मोडली!

आता ऊन. तुमच्याकडे ते फुकट आहे, पण आपण घेतो भलत्या वेळी. कोवळं ऊन अंगाला गोड लागतं, बाळंतिणीला आणि तान्ह्याला त्यातच बसवतात, पण डी तयार करणारे किरण सकाळी सातच्या तिरप्या उन्हात जेमतेम असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हा ते भरपूर असतात. म्हणजे साधारण दहानंतर. हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं पुरेत, रंग सावळा असेल तर थोडा वेळ जास्त. खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. यजमानांना हे सगळं पुढे. आधी कॅल्शियमचा रिपोर्ट.

त्यांच्या डोळ्यांच्या बाटलीवर तुम्ही “बीटा कॅरोटीन” असं उतरवलंय. ती बाटलीही बंद करा, आणि ती पुन्हा सुरू करू नका. कारण सिगारेट. गाजराला केशरी रंग देणारं ते हेच द्रव्य. गाजरं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसत होतं, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना त्याची गोळी द्यायचं ठरलं. १९९४ मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तसाच एक प्रयोग चालू होता, त्यात २८ टक्क्यांची वाढ दिसली आणि १९९६ च्या जानेवारीत तो मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर खाऊन असं होत नाही. ते खुशाल खाऊ द्या, हलवा करून घाला. गोळीत मात्र वीस-तीस मिलिग्रॅम रोज, वर्षानुवर्षं, हे शरीराला वेगळं पडतं. डोळ्यांच्या त्या गोळ्या एका विशिष्ट आजारासाठी आहेत: पडद्याचा मधला भाग झिजतो, त्याच्या मधल्या किंवा पुढच्या टप्प्यासाठी. मोतीबिंदूवर त्यांचा उपयोग दिसलेला नाही. आणि ज्यांना तो पडद्याचा आजार आहे त्यांच्यासाठीसुद्धा आता बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटिन घातलेल्या गोळ्या देतात, ते या सिगारेटच्या धड्यामुळेच. मुलाने बहुधा स्वस्तातली, जुन्या घटकांची बाटली उचलली.

त्याला रागवू नका. अमेरिकेहून आलं म्हणजे कुणीतरी तपासलेलंच असणार, हा समज त्याचा एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. तिथे १९९४ च्या कायद्यानुसार अशा पूरक गोळ्या अन्नात मोडतात, औषधात नाही. बाजारात आणण्याआधी गुण किंवा सुरक्षितपणा सिद्ध करून सरकारची मंजुरी घ्यावी लागत नाही. आपल्याकडेही दोन रांगा आहेत, आणि मेडिकलच्या काउंटरवर त्या शेजारीशेजारी असतात. एखाद्या बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर दिसला, तर ती अन्न म्हणून विकली जातेय. तिच्यावर “औषधी उपयोगासाठी नाही” असंही कुठेतरी बारीक अक्षरांत छापलेलं असतं. डॉक्टरांनी कमतरतेसाठी लिहून दिलेली गोळी शक्यतो औषध म्हणून परवाना असलेलीच घ्या.

आता तुमच्याबद्दल. ताई, खरं सांगू? या पत्रातली मला सगळ्यात काळजी वाटायला लावणारी गोष्ट यजमानांची कॅप्सूल नाही, ती आज बंद झाली. तुम्ही बंद केलेली गोळी ही ती गोष्ट आहे. घरात सात प्रकारच्या गोळ्या, आणि ज्या एका गोळीची या घरात कुणाला खरी गरज आहे, तीच डब्यात नाही.

बी-१२ कुठल्याही झाडात, पानात, फळात नसतं. ते जिवाणू तयार करतात, आणि आपल्याला मिळतं ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून. मोड आलेली कडधान्यं, आंबवलेली इडली, पालक, खजूर यांत बी-१२ आहे असे निरोप फोनवर फिरतात, त्यावर विसंबू नका. उरलं दूध. “आम्ही दूध घेतो की,” असं माझ्या बहुतेक माळकरी पेशंट बायका सांगायच्या, आणि खोलात विचारलं की ते दूध चहातलं निघायचं. यजमानांना वाडगा भरून दही, नातवाला पेलाभर दूध, आणि स्वतःला चहातले चार चमचे. रोजची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमच आहे, पण तेवढ्यासाठीही दोन कप दूध किंवा दही पोटात जायला हवं.

यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. म्हणून माळ घातल्याबरोबर काही होत नाही, आणि माणसाला वाटतं, बघा, काही झालं नाही. वीस वर्षांत तो साठा कधीच संपला असणार. त्यात शुगरसाठीची मेटफॉर्मिन. लांबच्या वापरात ती बी-१२ आतड्यात नीट शोषू देत नाही, हे पक्कं ठाऊक आहे. आणि अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी: अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, तेच ती कमी करते. म्हणजे येणं बेताचं, आणि जे येईल त्यालाही दोन ठिकाणी अडवणूक. तळपायाच्या मुंग्या, विसरभोळेपणा हे सगळं शुगरनेही होतं, म्हणून सगळे शुगरच्या नावावर टाकून मोकळे होतात. एक विचारते: बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो का? जीभ लाल, गुळगुळीत झाली आहे का, तिखट झोंबतं का? तसं असेल तर आणखी थांबू नका. बी-१२ अभावी नसांना झालेली इजा लवकर सापडली तर भरून येते. वर्ष-दोन वर्षं गेली तर पूर्ण भरून येईलच असं नाही.

लघवी पिवळी होते ती बी-२ मुळे. रायबोफ्लेविन त्याचं नाव, मुळातच पिवळ्या रंगाचं द्रव्य. शरीराला लागतं तेवढं ठेवून बाकीचं बाहेर टाकलं जातं. हळदीचा हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, तितकाच त्याचा अर्थ. उष्णतेचा संबंध नाही. तुम्ही रंगाला घाबरून बी-१२ सुद्धा टाकून दिलंत.

करायचं असं: आधी रक्तातलं बी-१२ तपासा, मगच गोळी किंवा इंजेक्शन घ्या. उलटं केलंत तर आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता कळत नाही. दोनशेच्या खाली असेल तर कमी, दोनशे ते तीनशे असेल तरी तुमच्या मुंग्या लक्षात घेऊन मी उपचार केला असता. नसांची लक्षणं असतील तर सुरुवातीला काही आठवडे इंजेक्शन देतात. ती लाल असतात, गावाकडे त्यांना “ताकदीचं इंजेक्शन” म्हणून एके काळी फार मागणी होती. मीही दिली आहेत, गरज नसलेल्यांना, समाधानासाठी, आता कबूल करते. पुढे रोजची गोळी. मोठ्या डोसची, हजार मायक्रोग्रॅमची असेल तर तिचा थोडासा अंश शोषला गेला तरी पुरतो, अगदी मेटफॉर्मिन चालू असतानाही. माळ आहे तोवर गोळी. माळ मोडते का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल: नाही. बाजारातलं बी-१२ जिवाणूंपासून आंबवून काढतात, प्राण्यापासून नाही. फक्त कॅप्सूलचं टोपण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी मागून घ्या. मुलीच्या गमी मात्र बहुधा जिलेटिनच्याच असतील, चुकून तोंडात टाकू नका.

मेडिकलमधून “नसांची गोळी” म्हणून आणाल तर मागची बाजू वाचा. बऱ्याच गोळ्यांत बी-१२ च्या जोडीला बी-६ भरपूर असतं. बी-६ महिनोन्महिने मोठ्या मात्रेत घेतलं तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात. मुंग्यांसाठी गोळी, गोळीने मुंग्या, मग दुप्पट गोळी. असा एक पेशंट वर्षभर माझ्याकडे येत होता. युरोपात २०२३ मध्ये बी-६ ची रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. मेडिकलमधल्या कित्येक गोळ्यांत त्याच्या कितीतरी पट असतं. तुम्हाला फक्त बी-१२ हवं आहे.

थायरॉइडचं कोडं सगळ्यात सोपं. कॅल्शियम त्या गोळीला आतड्यात पकडून ठेवतं, पूर्ण रक्तात जाऊ देत नाही. तुम्ही सहा वाजता औषध घेताय आणि त्याच घोटात त्याला बांधूनही ठेवताय. म्हणून डोस दोनदा वाढला. थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासाने, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. दोन्हींत चार तासांचं अंतर. लोहाची गोळी कधी सुरू झाली तर तिलाही हाच नियम. पण एक गोष्ट विसरू नका: आजपासून वेळा बदलल्या की वाढवलेला सगळा डोस अंगी लागेल, आणि तो कदाचित जास्त होईल. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असं झालं तर लगेच सांगा, नाहीतर सहा आठवड्यांनी टीएसएच करा, म्हणजे थायरॉइडची ती रक्ततपासणी जिचा आकडा थायरॉइड वाढला की उतरतो. वेळा बदलल्याचं डॉक्टरांना आधीच कळवा, नाहीतर त्यांना वाटेल, औषध एकाएकी चमत्कार करतंय.

सी आणि झिंकच्या गोळीबद्दल फार लिहीत नाही. कोविडमध्ये सगळ्यांनी घेतली, भीतीपोटी घेतली. सर्दी टळते असं दिसलेलं नाही, रोज घेतली तर थोडी लवकर बरी होते इतकंच. झिंक वर्षानुवर्षं जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि डोळ्यांच्या बाटलीतही झिंक होतंच. पेरू खा.

मुलीला हे पुढचं वाचून दाखवा. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ रद्द करायची नाही, पण जाण्याआधी गमी आठवडाभर बंद ठेवून थायरॉइडची तपासणी पुन्हा करायची. तिच्या बाटलीवर दहा हजार मायक्रोग्रॅम बायोटिन आहे. गरज असते तीस-चाळीसची. इतकं बायोटिन रक्तात असलं की अनेक लॅबमधल्या यंत्रांची फसगत होते, कारण त्या चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. टीएसएच खोटाच कमी आणि बाकीचे आकडे खोटेच जास्त दिसतात, अगदी थायरॉइड वाढल्यासारखं चित्र उमटतं. हृदयाच्या झटक्यासाठीची रक्तचाचणीसुद्धा यामुळे खोटी कमी येऊ शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराच दिला. फेरतपासणीतही आकडा तसाच राहिला तर थायरॉइडचा आजार खरा समजायचा आणि बाळाच्या आधी त्याचे उपचार करायचे. केस गळण्याचं कारण शोधायला हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघा. बायोटिनची कमतरता मी सगळ्या आयुष्यात बघितलेली नाही.

आणि तिच्या डब्यातही एक गोळी नाही. फॉलिक अ‍ॅसिड, रोज चारशे मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या आधी निदान महिनाभर सुरू करून पहिले तीन महिने. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते. बहुतेक बायकांना तोवर पाळी चुकल्याचंच जेमतेम कळलेलं असतं, म्हणून “राहिल्यावर सुरू करू” हे उशिराचं. ज्या आयांना आधी ही नळी न मिटलेलं बाळ झालं होतं, त्यांच्यावरचा मोठा अभ्यास १९९१ मध्ये छापून आला, त्यात फॉलिक अ‍ॅसिडने चारातले जवळजवळ तीन दोष टळले. सगळ्या व्हिटॅमिनच्या बाजारात इतका लख्ख फायदा दाखवणारी गोळी क्वचितच सापडेल.

ही गोष्ट आपल्या मुंबईत सुरू झाली, म्हणून मला सांगायला आवडते. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात इतक्या पांढऱ्याफटक पडायच्या की काही जणी त्यातच दगावायच्या. विल्सबाईंनी हाफकिन संस्थेत बसून त्या काय खातात, काय नाही, याचा माग काढला. शेवटी उपाय सापडला तो यीस्टच्या अर्कात, मार्माइट नावाच्या स्वस्त, खारट, काळ्या चाटणात. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कातल्या अनोळखी गुणकारी द्रव्याला लोक “विल्स फॅक्टर” म्हणू लागले, आणि दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलेलं फॉलिक अ‍ॅसिड ते हेच.

त्यात एक मेख आहे, तीही आपल्याच मातीत सापडली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांच्या मागे वर्षानुवर्षं राहिले. २००८ साली त्यांनी दाखवलं की ज्या आयांच्या रक्तात फॉलिक अ‍ॅसिड जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिन नीट काम न करण्याची लक्षणं जास्त दिसली. शिवाय नुसतं फॉलिक अ‍ॅसिड बी-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकून टाकतं आणि नसांची इजा मागे चालूच राहते. मुलगी तुमच्याच स्वयंपाकावर वाढली असेल, तर फॉलिक अ‍ॅसिड सुरू करताना तिचंही बी-१२ तपासा. तुमच्याबरोबर एकाच दिवशी रक्त देऊन टाका.

उरलेल्या बाटल्या फेकून देऊ नका, पण डब्यात परतही ठेवू नका. बुधवारपर्यंत यजमानांच्या कॅल्शियमचा आकडा येईल, तो मला कळवा. तुमचं बी-१२ आलं की तेही. आणि मुलगा पुढच्या दिवाळीला विचारेल, काय पाठवू, तर त्याला म्हणावं, स्वतःच ये.